यादीतलं तिसरं नाव

रेहाना,

तुझ्या घरी मी कॅमेऱ्याशिवाय कधी आलो नव्हतो. परवा आलो. दारात खुर्चीवर अम्मी बसल्या होत्या, भोवती बायका. त्यांनी आधी माझ्या खांद्याकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"कॅमेरा नाय आनलास?"

मी मान हलवली.

"बरा केलास," म्हणाल्या आणि शेजारच्या बाईला ओळख करून दिली, "ह्यो नरेश. जोह्याचा. रेहानाचा कॅमेरावाला."

कबरस्तानात तुझ्या चुलतभावाने मला हाताला धरून पुढे नेलं. तुझा भाऊ कुवेतहून निघालेला होता, पण तोवर थांबता येणार नव्हतं. सगळ्यांसारखी मीही तीन मुठी माती टाकली. पाऊस नुकताच पडून गेला होता. माती चिकट होती, मुठीतून लवकर सुटेना. मी रडलो नाही, उगाच खोटं कशाला लिहू? ऊन कुठल्या बाजूने येतंय आणि ट्रायपॉड कुठे लावला असता, हे मात्र माझ्या डोक्यात येऊन गेलं. वीस-बावीस वर्षांची सवय, ती त्या दिवशी सुट्टी थोडीच घेणार.

निघताना अम्मींनी परत बोलावलं. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "ती धाटावकडची बाय हाय ना, सुगंधा. तिला कोन कळवील? रेहाना दर वर्साला जायची तिच्याकडं. गनपती यायच्या आधी."

मी विचारलं, "कशाला जायची?"

"तुला ठाव नाय?" अम्मी माझ्याकडे बघत राहिल्या. "मना वाटला, तू संगती जात आसशील."

मी गाडीत येऊन बसलो. किल्ली फिरवली नाही. सुगंधाचं नाव मला माहीत होतं. तू तिच्याकडे जात होतीस हे माहीत नव्हतं.

आता जे लिहितोय त्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून लिहितो. हे मी आजवर कोणालाच पहिल्यापासून सांगितलेलं नाही. तुलासुद्धा नाही.

आपण भेटलो तेव्हा तू टीव्हीवर यायची होतीस, पण बसायचीस टीव्हीच्या दुकानावर. तुमच्या अष्टमी गावात खाली टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि वर केबलवाल्याची एक खोली. त्या खोलीत निळा पडदा, एक टेबल, दोन हॅलोजनचे दिवे. रोज संध्याकाळी अर्धा तास रोह्याच्या बातम्या. मी तेव्हा लग्नं शूट करायचो. माझा स्वतःचा कॅमेरा होता म्हणून केबलवाल्याने मला बोलावलं, आणि तुझी बारावी झाली होती व तू मोठ्याने वाचायचीस म्हणून तुला.

पहिल्याच दिवशी तू कागदावरून मान वर केलीस आणि सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणालीस, "उद्या अष्टमीत पानी येणार नाय." केबलवाल्याने कपाळाला हात लावला. "अगं नाही म्हण, नाही! बातमी आहे ती!" दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायका तुला म्हणाल्या, काय गो, एकदम आमच्यासारखी बोललीस, लगेच कळलं. तू खूश झालीस. पण शिकायचं ते तू शिकलीसच. रोह्याहून पेणला माझ्या मोटारसायकलवर मागे बसून तू घोकायचीस, "पाणी, लोणी, आणि, कोणी." नागोठण्याच्या फाट्यावर एकदा ट्रकवाल्याने विचारलं होतं, बाईंची परीक्षा हाय का?

गावात बोलणारे बोललेच. एका मुलीने परक्या पोराच्या मागे बसून फिरायचं म्हणजे काय? तुझ्या अब्बांपर्यंत गोष्ट कुवेतला गेली. त्यांनी फोनवर अम्मींना एवढंच विचारलं, "त्याला गाडी नीट चालवता येते ना?"

माझ्या घरी तर वेगळंच. जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना. बाबांना वाटायचं, लग्नाच्या शूटिंगचं हे खूळ चार दिवसांचं, पोरगा शेवटी मातीतच हात घालणार. तू एकदा कारखान्यात आलीस, मी केलेली एक मूर्ती उचललीस आणि बाबांसमोर धरलीस. "काका, हे नाक बघा. देवाला सर्दी झालीय." बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर त्यांनी मला कधी कारखान्यात बस म्हटलं नाही. रेहाना, त्या एका वाक्यावर माझी अख्खी नोकरी उभी राहिली. आभार मानायचे राहिले. तू म्हणाली असतीस, नाक खरंच वाकडं होतं.

मुंबईच्या चॅनेलने तुला घेतलं ते तुझ्या एका बातमीमुळे. कुंडलिकेला पूर आला होता आणि मुंबईची गाडी रस्त्यात अडकली होती. मोठे रिपोर्टर पोचेपर्यंत तू पुलाच्या अलीकडून फोनवर त्यांच्या चॅनेलसाठी चार वेळा बोललीस. एकदाही आवाज चढवला नाहीस. कुठल्या वस्तीत पाणी शिरलं, कुठली शाळा उघडून दिली, कुठल्या वाटेने जाऊ नका, एवढंच. मग नोकरीचं विचारायला फोन आला, तेव्हा तू अट घातलीस की कॅमेऱ्यावर नरेश हवा. तू पगारी झालीस, मी कामापुरता. तरी आपण दोघं मिळून पेण, रोहा, माणगाव, अलिबाग असा सगळा जिल्हा तुडवला. दर वर्षी श्रावणात डेस्कवरून तोच फोन यायचा, "पेणच्या मूर्ती निघाल्या परदेशी" करा. तुला त्या बातमीचा कंटाळा होता. एका वर्षी तू म्हणालीस, मूर्तीचा इंटरव्ह्यू घेते, तिला विचारते, विमानात खिडकी मिळाली का?

डेस्कशी तुझं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. कुठे अपघात झाला की ते लिहायचे, "एक कामगार ठार". तू म्हणायचीस, नाव घाला. ते म्हणायचे, नावाने काय फरक पडतो?

"त्याच्या घरी पडतो," तू म्हणायचीस.

मला ते पटायचं नाही. मी म्हणायचो, लोक चित्र बघतात, नाव कोण ऐकतंय? तू म्हणायचीस, मंत्र्याच्या मेव्हण्याचं नाव ऐकतात ना, मग कंपनीतल्या माणसाचंही ऐकतील, आपण सांगितलं तर. हा वाद आपण गाडीत, टपरीवर, ट्रायपॉड लावता लावता किती वेळा घातला याचा हिशेब नाही. तुझ्या बाजूने तो शेवटपर्यंत चालू होता.

तो दिवस असाच श्रावणातला. आपण जोह्यात आमच्याच कारखान्यात होतो, लाईव्हची मोठी गाडी मुंबईहून आली होती आणि बाबा नवा शर्ट घालून तुझ्यासमोर उभे होते. तेवढ्यात फोन आला, धाटावच्या एका कंपनीत स्फोट झालाय. तू बाबांना म्हणालीस, "काका, नंतर," आणि आपण निघालो. लाईव्हची गाडी आधीच जिल्ह्यात होती म्हणून आपण सगळ्यांच्या आधी पोचलो. त्याचा आपल्याला आनंद झाला होता. तेही लिहायला हवं.

गेटवर गर्दी होती. आतल्या माणसांना आत जाताना मोबाइल जमा करावे लागतात, त्यामुळे कोणाचाच कोणाशी संपर्क नव्हता. बायका गेटच्या जाळीला धरून नावं घेत होत्या. दोन जखमींना ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं, त्यांची नावं कळली होती. एक जण दगावल्याचं एका अधिकाऱ्याने सांगितलं. नाव सांगेना.

गेटच्या आत वॉचमनच्या केबिनची काच होती. काचेमागे भिंतीवर शिफ्टची यादी लावलेली. मी कॅमेरा जाळीला टेकवला, झूम केला आणि वाचली. ज्या प्लँटमध्ये स्फोट झाला त्यापुढे तीन नावं होती. दोन त्या जखमींची. तिसरं संतोष.

मी तुझ्या कानाशी येऊन सांगितलं, "संतोष. गाव इथलंच, नदीच्या अंगाला."

"पक्कं?"

"पक्कं. मी स्वतः वाचलं."

तू अर्धा क्षण माझ्याकडे बघितलंस. इअरपीसमध्ये स्टुडिओ तुला हाका मारत होता. तू कॅमेऱ्याकडे वळलीस आणि नाव सांगितलंस. नुसतं नाव नाही, तुझ्या पद्धतीने नीट सांगितलंस. अमुक गावचा संतोष, या शिफ्टला सकाळी कामावर आला होता, तो आता नाही.

पुढचे दोन तास सगळ्या चॅनेलांनी ते नाव चालवलं. आपलं बघून.

मग माणसांचा एक घोळका कंपनीच्या मागच्या अंगाने वळसा घालून गेटवर आला. त्यातला एक जण पुढे झाला. अंगावर दुसऱ्याचा शर्ट, डोळे लाल. तो मला म्हणाला, "तुमी बातमीवाले ना? अनंता दिसला का कुटं? अनंता?"

मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो संतोष! संतोष जित्ता हाय!"

मी कॅमेरा खाली घेतला. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस.

"संतोष म्हणजे... त्या प्लँटवर तूच होतास ना?"

"व्हतो. पन मला मळमळत होतं म्हनून अनंता म्हनला, तू जा भायेर, मी बघतो घटकाभर. आमी शेजारी." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "काय झालंय? माझ्या घरी कोनी काय सांगितलंय काय?"

"मी सांगितलंय," तू म्हणालीस. "चल. मी नेते तुला."

तू माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतलीस. मी गेटवरच थांबलो. कॅमेरा सोडून जाता येत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कॅमेरा मला उचलून नेता आला असता.

तू तासाभराने परत आलीस. त्या घरांमध्ये काय घडलं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. तू ओढणीने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "लाईव्ह लाव." डेस्कने परवानगी दिली नव्हती. त्यांचं म्हणणं होतं, नवं नाव चालवा, जुन्याबद्दल बोलू नका, लोक विसरतात. तू नवी माहिती दिलीस, अनंताचं नाव दिलंस, आणि स्टुडिओ तुला सोडायच्या आत म्हणालीस, "दुपारी मी संतोष यांचं नाव सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. ती चूक माझी हाय."

हाय म्हणालीस. इतक्या वर्षांच्या लाईव्हमध्ये तुझ्या तोंडून एकदाच आलं.

मी कॅमेऱ्यामागे होतो, तुझ्यापासून चार हातांवर. मी फोकस बघत होतो. फोकस बरोबर होता.

मुंबईहून बोलावणं आलं. तुला आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. काचेतून तू दिसत होतीस, ऐकू येत नव्हतं. नंतर डेस्कवरच्या एकाने मला सांगितलं, की तुला चार-चारदा विचारलं, नाव कोणी दिलं? तू म्हणालीस, बोलले मी, तर विचारायचं ते मला विचारा. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. तुला ते माहीत होतं. आत जाऊन सांगायला मला एक दरवाजा ढकलायचा होता. मी बाकावर बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर अकरा टीव्ही होते, मी ते मोजले.

तुला बाहेरच्या कामावरून काढून डेस्कवर बसवलं. महिनाभरात तू संध्याकाळचं बातमीपत्र वाचायला बसणार होतीस, ते गेलं. आणि गेटवरची ती दृश्यं आपण सगळ्यात आधी दिली म्हणून मला नोकरीत पक्कं केलं. आता लिहिताना हा शब्द आला. तेव्हा त्यांनी हाच वापरला होता, "तुला पक्कं करतोय." मी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "काकांना सांगितलंस का? त्यांना आधी सांग."

दोन वर्षांनी तुला परत फील्डवर पाठवलं आणि आपण पुन्हा एका गाडीत आलो. तुझ्यात एकच फरक पडला होता. तू मला पक्कं का, असं पुन्हा कधी विचारलं नाहीस. मी काहीही सांगितलं की तू विचारायचीस, "कोणी बघितलं?" मी म्हणायचो, अमक्याने. "त्याने स्वतः बघितलं, की ऐकलं?" आधी मला राग यायचा. पुढे मीही नव्या पोरांना तेच विचारू लागलो. ते मला खडूस म्हणतात.

एकदा, फक्त एकदा, वडखळच्या पुढे, वाहतूक अडकली होती. बाहेर ऊन होतं, ड्रायव्हर चहाला उतरला होता. मी म्हणालो, "रेहाना, त्या दिवशी धाटावला..."

"एसी कमी कर," तू म्हणालीस. "घसा बसतोय."

मी एसी कमी केला. तू खिडकीबाहेर मिठागरं बघत बसलीस. त्यानंतर मी प्रयत्न केला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही खरं. तू मला वाचवत होतीस की माझ्या तोंडून ऐकायचं नाही असं ठरवलं होतंस, ते मला तेव्हा कळलं नाही. आताही कळत नाही.

नावाचा वाद मात्र संपला नाही. धाटावनंतर मला वाटलं, आता तरी तू मानशील की "एक कामगार ठार" हेच बरं. त्यात चूक होत नाही. तू मानलं नाहीस. अम्मींचं बघायला कोणी नव्हतं म्हणून तू नोकरी सोडून अष्टमीला परत आलीस, कॉलेजच्या मुलींना बातमी लिहायला शिकवू लागलीस, मोबाइलवर स्वतःच्या छोट्या बातम्या करू लागलीस. तेव्हाही मी तोच मुद्दा काढला होता. तू म्हणालीस, "नाव चुकलं म्हणून नाव सोडायचं नाय, नरेश. नाव शोधायचं नीट." मी म्हणालो, तुला एवढं होऊनही? तू म्हणालीस, "मला काय झालं? मी घरी आहे, जेवतेय, बोलतेय." त्या मुलींपैकी दोघी परवा तुझ्या दारात होत्या. एकीने मला विचारलं, सर, मॅडमबद्दल काही सांगाल का, तुम्ही स्वतः बघितलेलं? मी म्हणालो, नंतर.

आजारपणात मी तीनदा आलो. तिन्ही वेळा कॅमेरा गाडीत होता, कारण कुठल्या तरी कामावरून कुठल्या तरी कामाला चाललो होतो. शेवटच्या वेळी तू उशीला टेकून बसली होतीस, आवाज पार बारीक झाला होता. तू माझ्या मुलीची दहावी विचारलीस. बाबांच्या गुडघ्यांचं विचारलंस. मी उठलो तेव्हा तू म्हणालीस, "नरेश," आणि थांबलीस. मी दारात उभा. मग म्हणालीस, "काय नाय. सावकाश जा." तेव्हा तुला काय म्हणायचं होतं, याचा मी परवापासून विचार करतोय. कदाचित काहीच नसेल. मी मात्र तेव्हा परत येऊन बसू शकलो असतो.

काल मी सुगंधाकडे गेलो.

घर शोधावं लागलं नाही. त्या दिवशी वाचलेल्या यादीतलं ते गाव मी पुन्हा कधी विसरलो नव्हतो, फक्त गेलो नव्हतो. दोन घरं शेजारी शेजारी, मधे एक पेरूचं झाड. एक संतोषचं, एक अनंताचं. अनंताची बायको सुगंधा अंगणात भांडी घासत होती. पन्नाशीला आलेली बाई, केस बरेच पिकलेले. मी फाटकाशी थांबून सांगितलं, मी रेहानाबरोबर कॅमेऱ्यावर होतो, आणि रेहाना गेली.

तिचा हात थांबला. "कवा?"

"काल."

"आजारी व्हती," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "गेल्या वर्साला आली तवा दम लागला व्हता."

मी विचारलं, ती काय बोलायची तुमच्याशी?

"कायच नाय. येयाची, तू उभा हायस तिथं उभी राहायची. मी भांडी घाशीत आसायची. घासून झाली का जायाची." ती राखेत काथ्या बुडवून पुन्हा घासायला लागली. "पहिल्या वर्सी मी तिच्या अंगावर खरकटं पानी फेकलं. तरी उभी. मंग मी पन सोडून दिलं."

मग तिनेच सांगितलं. त्या दिवशीचं. तू मला जे कधी सांगितलं नाहीस ते.

"टीवीवर संतोषचं नाव आलं तशी मी धावत त्याच्या घरी गेली. त्याची आय पडली व्हती. त्याच्या बायकोला मी धरून बसली, तिचं डोकं माझ्या मांडीवर. सगल्या बाया रडत व्हत्या, मी पन रडत व्हती. पन आत काय चाललं व्हतं सांगू? माजा नाय. देवा, माजा नाय. येवढंच." तिने पातेलं पालथं घातलं. "तिला समजावून घरी आली आनि मी च्या टाकला. अनंता आला का भुकेला आसंल म्हनून भाकरीचं पीठ काढलं. तवा गाडी आली. संतोष उतरला आनि मागून ती. संतोषच्या घरात आरडावरडा, हसनं, सगलं येकदम. मी पीठाच्या हातानं भायेर आली. म्हटलं, आनि आमचा? ती माझ्याकडं बघत राहिली. येवढी बोलनारी बाय, कायच बोलली नाय. तवाच कललं मला."

संतोषच्या घरातून कोणीतरी डोकावून गेलं. सुगंधा त्या बाजूला न बघता म्हणाली, "त्याची आय म्हनायची, तिच्या बोलन्यानं माझ्या पोराचं आयुष्य वाढलं. तिला जेवू घालायची. आनि मी तिला अंगनात उभी करायची."

तेव्हा मी सांगितलं.

"वहिनी, ते नाव रेहानाने काढलेलं नव्हतं. मी दिलं होतं. यादी मी वाचली. तिने विचारलं, पक्कं का, तर मी पक्कं म्हणालो."

तिने काथ्या खाली ठेवला. ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही.

"तिला ठाव व्हतं?"

"हो."

"तिनं कवा सांगितलं नाय."

"कोणालाच नाही."

"मंग ती का उभी राहायची?"

मी पेरूच्या झाडाकडे बघितलं.

"बोल की. तू तिचा मानूस. इतकी वर्सं ती का उभी राहायची हितं?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"गेल्या वर्साला तिला दम लागला तवा मी म्हटलं, बस. तर खाली बसली, त्या दगडावर." सुगंधाने हाताने दाखवलं. "घरात खुर्ची व्हती. मी आत बोलावलं नाय. आता वाटतं, बोलवायला पायजे व्हतं." आणि लगेच म्हणाली, "आनि तुला पन नाय बोलवनार."

"नका बोलावू," मी म्हणालो.

ती पुन्हा भांड्यांकडे वळली. तीन पातेली, एक तवा, चार-पाच ताटल्या राहिल्या होत्या. मी तिथेच उभा राहिलो. तिने एकदाही मान वर केली नाही. तवा तिने दोनदा घासला. सगळं विसळून झाल्यावर बादलीतलं उरलेलं पाणी पेरूच्या बुंध्याशी ओतलं, भांडी टोपलीत घेतली आणि उभी राहिली.

मी फाटकापर्यंत गेलो आणि वळलो. "वहिनी, पुढच्या वर्षी येऊ का?"

ती दारात पोचली होती. टोपली कमरेवर घेऊन थांबली.

"ती कवा इचारून यायची नाय," ती म्हणाली आणि आत गेली.